मागचा गिअर

वेळग्याच्या भंगारातून आणली तेव्हा
तिच्या बॉनेटमधून घाणेरी वर आली होती,
फुलांसकट.
कायतान म्हणाला, पात्रांव, ही जीप न्हय, ही कुंडी.

अठरा हजार. वजनावर दिली.
घरी मी बारा सांगितले.
कपडे धुताना कुमुदला खिशात पावती सापडली,
तिने ती दोरीवर चिमट्याला लावली
माझ्या बनियनशेजारी.
बोलली काहीच नाही.

सव्वीस वर्षं बार्जवर इंजिन ऐकलं मी,
सारमानस ते मुरगाव, भरती-ओहोटी सांभाळत.
खाणी बंद झाल्या आणि कान रिकामे झाले.
रात्री फ्रिज सुरू झाला तरी
उठून बसायचो.

कायतान रविवारी यायचा आसनोड्याहून,
मिसा झाला की, स्कूटरच्या पायाशी हत्यारांची पिशवी.
नट सुटायचे नाहीत.
खोबरेल, रॉकेल, शिव्या, मग रात्रभर वाट.
सकाळी तोच नट दोन बोटांनी फिरायचा,
जणू कालचं म्हणणं त्याला झोपेत पटलं.

रंग खरवडला तर खाली रंग.
कंपनीचा पिवळा, सात नंबर.
त्याखाली कुणाच्या लग्नाचा घाईतला पांढरा.
त्याखाली हिरवा, फौजेचा.
कुठल्या फौजेचा, हे कायतानला ठाऊक होतं
आणि मला वेगळंच ठाऊक होतं.
त्या दिवशी चहा निवला.

कार्बोरेटरमध्ये कुंभारमाशीचं घर,
लाल मातीचं, तीन खोल्यांचं.
आणि गिअरबॉक्स उघडला
तर तेलाऐवजी खाण निघाली:
जड, काळपट लाल, उन्हात मध्येच चमकणारी.
हा डोंगर मी ओळखत होतो.
खेप-खेप करून मीच त्याला समुद्रापर्यंत सोडून आलो होतो,
त्याच्यावर स्लॅब टाकला, पोरीचं लग्न केलं.
वाटीभर उरला होता, तो इथे लपून.
टाकू कुठे, कुमुदने विचारलं.
थांब म्हटलं.
अजून आहे, दुधाच्या पावडरीच्या डब्यात, जिन्याखाली.

चतुर्थी गेली. शिगमो आला.
वायपरची मोटर मिळाली नाही ती नाहीच.
शेजारचा जनू कुंपणावरून विचारायचा, कशी आहे?
आजारी माणसाबद्दल विचारतात तसं, आवाज उतरवून.

मग एका बुधवारी, कायतान नसताना,
हँडल मारलं आणि ती खोकली.
पुन्हा मारलं.
कोंबड्या माडाच्या आळ्यातून उडाल्या,
निळा धूर तुळशीपर्यंत गेला,
आणि तो आवाज.
चार सिलिंडर, तिसरा जरा लंगडा.
कुमुद पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

क्लच दाबला. पहिला टाकला: दात खरखरले.
दुसरा: नाव नको.
तिसऱ्याने तर माझा हातच झटकला.
मागचा मात्र असा बसला
जसा घरातला माणूस पाटावर.

स्टिअरिंग डावीकडे, म्हणून ती उजवीकडे चढली,
मागे वळून बसली, सीटच्या पाठीला पीठ लागलं.
चला, म्हणाली, मी सांगते.

गेटबाहेर. जनूच्या घरावरून.
त्याने हात वर केला आणि तसाच ठेवला;
आम्ही येतोय की जातोय, त्याला कळेना.
बंद काट्यावरून, जिथे ट्रक मोजायचे,
तोंड घराकडे, जाणं नदीकडे.
डावीकडे जरा. खड्डा. सरळ. कुत्रं.
इतकं सलग ती माझ्याशी
कित्येक महिन्यांत बोलली नव्हती.

जेटीपाशी म्हणाली, बस्स.
ब्रेक दोनदा पंप केल्यावर लागला.
समोर आम्ही आलो तो अख्खा रस्ता,
पाठीशी पाणी, एकही बार्ज नाही.
इंजिन बंद करायचा धीर होईना.

बाराच हजार ना, तिने विचारलं.

काय? मी ओरडलो,
काय म्हणालीस?